दूरच्या पल्ल्याची सायकलस्वारी : यंत्राची आणि शरीराची पूर्वतयारी

लंडन शहराच्या दक्षिण भागात क्लॅपहॅम कॉमन नावाचे एक विस्तीर्ण मैदान आहे. उन्हाळ्यातील एका रविवारी, बहुधा जून महिन्यात, भल्या पहाटेपासून तेथे सायकलस्वार जमू लागतात व तुकड्यातुकड्यांनी दक्षिणेची वाट धरतात. सरे आणि ससेक्स या परगण्यांतील गावे ओलांडीत ५४ मैल, म्हणजे सुमारे ८७ किलोमीटर अंतर तोडून हे हजारो स्वार समुद्रकाठच्या ब्रायटन शहरी पोहोचतात. ही शर्यत नव्हे. पहिला कोण आला आणि शेवटचा कोण राहिला, याची दखल तेथे कोणी घेत नाही. प्रत्येक स्वाराने निघण्यापूर्वी आपले आप्तेष्ट, शेजारी आणि कचेरीतील सहकारी यांच्याकडे जाऊन विनंती केलेली असते : ‘मी ब्रायटनपर्यंत सायकलने जाणार आहे, त्याप्रीत्यर्थ आपण काही देणगी द्यावी.’ जमलेली रक्कम ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या संस्थेकडे जाते. १९६१ साली स्थापन झालेली ही संस्था हृदय आणि रक्ताभिसरण यांच्या विकारांवरील संशोधनास पैसा पुरविते.

धर्मादाय कार्यासाठी सायकल चालविण्याची ही चाल आता अनेक देशांत पसरली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० साली ३६ स्वारांनी आरंभिलेली अशीच एक यात्रा बॉस्टन येथील डॅना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी निधी गोळा करते. पहिल्या वर्षी तिने सुमारे दहा हजार डॉलर जमविले होते. पुढे हा आकडा दरसाल कोट्यवधी डॉलरांवर गेला. मात्र या आकड्यांपेक्षा प्रस्तुत पुस्तिकेचा विषय वेगळा आहे. लोकांनी ज्याच्या शब्दावर पैसे दिले, त्या स्वाराने तो पल्ला गाठावा कसा, हा तो विषय. अशा यात्रांतील पुष्कळसे स्वार कसलेले खेळाडू नसतात. आठवडाभर खुर्चीवर बसून काम करणारी ही माणसे असतात आणि त्यांची सायकल वर्षभर कोठीच्या खोलीत धूळ खात पडलेली असते. हृदयरोगाच्या संशोधनासाठी निघालेल्या माणसाने स्वतःच्या हृदयावर मात्र पूर्वसूचनेवाचून साडेचार तासांचा भार टाकावा, हे विसंगत होय. यास्तव तयारीचा विचार दोन अंगांनी करावयास हवा : यंत्राच्या आणि शरीराच्या. दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, तो असा की रस्ता आपल्यापाशी किती कार्य मागतो?

रस्त्याचे मागणे

सपाट रस्त्यावर सायकलस्वारास मुख्यतः दोन प्रतिरोधांशी सामना करावा लागतो. एक, टायरचा रस्त्याशी होणारा लोळण-विरोध. आणि दुसरा, हवेचा. स्वार, सायकल आणि सामान मिळून ८५ किलोग्रॅम वस्तुमान आहे असे धरू. बऱ्या टायरांवर लोळण-विरोध सुमारे ५ न्यूटन भरतो आणि वेग वाढला तरी तो फारसा वाढत नाही. हवेची गोष्ट निराळी. तिचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताठ बसून ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वारास हवा सुमारे ९ न्यूटन बलाने मागे रेटते. तोच वेग ताशी ३० किलोमीटर झाला की हा रेटा सुमारे २१ न्यूटनांवर जातो.

बलास वेगाने गुणले म्हणजे शक्ती मिळते. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदास ५.५६ मीटर. एकूण विरोध १४ न्यूटन धरल्यास लागणारी शक्ती सुमारे ८० वॉट होते. ताशी ३० किलोमीटर वेगासाठी हाच हिशेब सुमारे २१५ वॉटांवर जातो. वेग दीडपट झाला, पण शक्ती अडीचपटीहूनही अधिक लागली. सामान्य प्रकृतीचा मनुष्य ८० वॉट शक्ती काही तास देऊ शकतो; २१५ वॉट तो काही मिनिटेच देईल. सकाळच्या उत्साहात पहिल्या तासाभरात जो जोराने पुढे निघून जातो, तोच दुपारी रस्त्याच्या कडेला गवतावर पडलेला आढळतो, त्याचे कारण या साध्या गुणाकारात आहे. समोरून वारा असल्यास हा हिशेब आणखी बिघडतो. अशा वेळी वेग कमी करणे हेच शहाणपणाचे, आणि अंग थोडे पुढे वाकवून हँडल खालच्या बाजूस धरणे हे त्याहून.

डिचलिंगची चढण

ब्रायटन जवळ आले, समुद्राचा वारा लागू लागला, असे वाटते न वाटते तोच साउथ डाउन्स नावाची खडूच्या टेकड्यांची रांग आडवी येते. तिच्यावरील डिचलिंग बीकन हे ठिकाण समुद्रसपाटीपासून २४८ मीटर उंच आहे. आपल्या सह्याद्रीच्या घाटांपुढे ही उंची काहीच नव्हे, हे खरे. परंतु ती वाट्यास येते सुमारे सत्तर किलोमीटर चालवून झाल्यावर. आणि अरुंद, वळणावळणाच्या रस्त्याने जेमतेम दीड किलोमीटरात सुमारे १४० मीटर वर चढावे लागते. पुष्कळ स्वार येथे सायकलवरून उतरून ती हाताने ढकलीत नेतात. त्यात कमीपणा नाही. गर्दीमुळे कित्येकदा दुसरा उपायही नसतो. तथापि गिअरांचे मर्म समजून घेण्यास याहून चांगला धडा सापडणार नाही, म्हणून येथे थोडे थांबू.

चढाची लांबी १,४५० मीटर आणि उंची १४० मीटर धरू. ८५ किलोग्रॅमांचे वजन सुमारे ८३३ न्यूटन. त्याचा उताराच्या दिशेने मागे ओढणारा भाग ८३३ × १४० ÷ १,४५०, म्हणजे सुमारे ८० न्यूटन होतो. त्यात लोळण-विरोधाचे ५ मिळविले की ८५ न्यूटन. सेकंदास २ मीटर, म्हणजे ताशी ७.२ किलोमीटर अशा संथ गतीने चढल्यास १७० वॉट शक्ती लागेल आणि चढ बारा मिनिटांत संपेल. ही शक्ती थोडी तयारी केलेला मनुष्य बारा मिनिटे देऊ शकतो.

पण ती तो देणार कशी? आपल्याकडील साध्या सायकलीस बहुधा एकच गिअर असतो. समजा, पुढच्या चेनव्हीलास ४४ दाते आहेत, मागच्या फ्रीव्हीलास १८, आणि चाकाचा घेर २.२ मीटर आहे. पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ ÷ १८ म्हणजे सुमारे २.४४ वेळा फिरेल व सायकल ५.४ मीटर पुढे जाईल. त्याच फेऱ्यात १७ सेंटिमीटर लांबीच्या क्रँकच्या टोकाशी असलेले पायडल मात्र १.०७ मीटर एवढाच प्रवास करील. कार्य दोन्हीकडे समान असले पाहिजे. म्हणून पायडलावर सरासरी ८५ × ५.४ ÷ १.०७, अर्थात सुमारे ४३० न्यूटन बल हवे. हे झाले ४४ किलोग्रॅम वजनाइतके. शिवाय पायडल अगदी वर वा अगदी खाली असताना पायाचा दाब काहीच काम करीत नाही. त्यामुळे मधल्या अवस्थेत तो सरासरीच्या सुमारे दीडपट, म्हणजे जवळजवळ सत्तर किलोग्रॅम द्यावा लागतो. सत्तर किलोग्रॅमांच्या स्वाराने आपले सारे वजन प्रत्येक पायडलावर उभे राहून टाकावे, तेव्हा कोठे सायकल वर सरकेल. मिनिटाला फेरे मात्र जेमतेम २२. अशा रीतीने माणूस चढ चढत नसून बारा मिनिटे जिना चढण्याची कसरत गुडघ्यांवर सगळा भार टाकून करीत असतो.

आता पुढे ३४ व मागे ३२ दाते असलेला लहान गिअर घ्या. चाकाचा घेर २.१ मीटर धरल्यास एका फेऱ्यात सायकल २.२३ मीटर जाते. लागणारे सरासरी बल सुमारे १७७ न्यूटनांवर, म्हणजे १८ किलोग्रॅमांवर उतरते आणि मिनिटाला ५४ फेरे होतात. शक्ती तीच, १७० वॉट. पण ती हलक्या हप्त्यांनी दिली जाते. गिअर आपले श्रम वाचवीत नाही, तो फक्त ते सोसण्याजोगे करून देतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

मिनिटाला पायडलाचे किती फेरे होतात, या संख्येस इंग्रजीत ‘कॅडन्स’ म्हणतात. हा शब्द मुळात संगीतातला. मराठीत त्यासाठी नवा जोडशब्द घडविण्यापेक्षा ‘पायाची लय’ म्हणावे हे प्रस्तुत लेखकास बरे वाटते. सपाटीवर ही लय साठ ते नव्वदच्या दरम्यान असावी. वर घेतलेल्या साध्या सायकलीवर ताशी २० किलोमीटर वेगात ती ६२ येते. याचा अर्थ सपाट मुलखासाठी त्या सायकलीची योजना मुळीच वाईट नाही. गिअर नसलेल्या सायकलीने चढाच्या मार्गावर जावयाचे असेल तर मागचे फ्रीव्हील अधिक दात्यांचे बसवून घ्यावे. दुकानदार हे काम थोडक्या खर्चात करून देतो. साखळीची लांबी त्या मानाने पाहून घ्यावी लागते, एवढेच.

यंत्राची तपासणी

सायकल दुरुस्तीस टाकावयाची ती यात्रेच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान तीन आठवडे आधी. नवा भाग बसविला की तो काही काळ आपली जागा शोधत असतो. केबल किंचित ताणली जाते, नट-बोल्ट सैलावतात. हे सर्व घराजवळच्या रस्त्यावर घडलेले बरे.

*साखळी.* सायकलच्या साखळीतील एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. म्हणून २४ खिळ्यांचे अंतर नव्या साखळीत बरोबर ३०४.८ मिलिमीटर भरते. ही साखळी ‘ताणली गेली’ असे आपण म्हणतो, परंतु पोलाद ताणले जात नाही. खिळे व त्यांची भोके झिजून प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई येते, आणि शेकडो सांध्यांची ढिलाई मिळून साखळी लांबते. साखळी ताठ धरून पोलादी पट्टीने हे अंतर मोजावे. ते दीड मिलिमीटरने वाढले असेल तर साखळी बदलण्याची वेळ आली असे समजावे. वाढ तीन मिलिमीटरवर गेली असल्यास झिजलेल्या साखळीने फ्रीव्हीलाचे दातेही आपल्याजोगे झिजविलेले असतात, आणि नवी साखळी त्यांवरून उड्या मारू लागते. मग दोन्ही बदलावी लागतात. आळसाची किंमत अशी दुप्पट होते. तेल थेंबाथेंबाने सांध्यांत सोडावे व बाहेरचे फडक्याने पुसून घ्यावे. बाहेर राहिलेले तेल धूळ धरते, आणि तेलात कालवलेली धूळ कानशीचे काम करते.

*चाके.* सायकलचे चाक हा एक नामी शोध आहे. बैलगाडीच्या चाकात भार खालच्या लाकडी आऱ्यांवर दाबाच्या रूपाने येतो. सायकलच्या तारा इतक्या बारीक असतात की दाबाने त्या तत्काळ वाकतील. म्हणून त्या आधीच घट्ट ताणून ठेवतात. प्रत्येक तारेला साठ ते शंभर किलोग्रॅम वजन टांगावे इतका हा ताण असतो. स्वार बसला की जमिनीलगतच्या तारांचा ताण थोडा उणा होतो व चाक वळताच तो पुन्हा भरून येतो. ब्रायटनच्या पल्ल्यात २.१ मीटर घेराचे चाक ४१,००० हून अधिक वेळा फिरते. तितक्याच वेळा प्रत्येक तारेचा ताण कमीजास्त होतो. एखादी तार सैल असेल तर तिच्यातील हा चढउतार मोठा होतो आणि धातू थकून ती बहुधा हबजवळच्या वाकणापाशी तुटते. परीक्षा सोपी आहे. चाक वर उचलावे व बोटाने एकेक तार छेडीत जावे. एका बाजूच्या तारांचा स्वर जवळजवळ सारखा निघाला पाहिजे. सैल तार भद्द वाजते. त्यानंतर चाक फिरवून रिम ब्रेकच्या रबराजवळून समान अंतराने जाते की नाही ते पाहावे. डावीउजवीकडे डोलत असेल तर चाकात ‘आउट’ आला आहे. तो काढण्याचे काम जाणत्या कारागिराकडे द्यावे. ज्याला चाकाचा आउट नीट काढता येतो तो कारागीर खरा, असे म्हणावयास हरकत नाही.

*टायर.* हवा भरलेल्या टायराचे पहिले एकस्व स्कॉटलंडच्या रॉबर्ट टॉमसनने १८४५ साली घेतले होते, परंतु ते विस्मृतीत गेले. पुढे बेल्फास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तशीच युक्ती योजली आणि १८८८ मध्ये एकस्व मिळविले; तेथून सायकलचा खरा प्रसार सुरू झाला. टायर जमिनीवर दबतो आणि पुन्हा फुगतो. दबताना दिलेली सर्व ऊर्जा रबर परत करीत नाही. काही भाग उष्णतेच्या रूपाने नाहीसा होतो. हवा कमी असेल तर टायर अधिक दबतो व अधिक ऊर्जा खातो. शिवाय खड्ड्यावर आदळताच ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये सापडून तिला दोन समांतर छेद पडतात. याउलट दगडासारखा कडक फुगविलेला टायर ओबडधोबड रस्त्यावर सायकलीस उडवीत राहतो व हातापायांचा शीण वाढवितो. दर चौरस इंचास किती पौंड हवा भरावी हे टायरच्या कडेवरच छापलेले असते. त्या मर्यादेत राहून जड माणसाने थोडी अधिक व हलक्याने थोडी कमी भरावी. रबरातून हवा हळूहळू झिरपत असल्यामुळे आठवड्यातून एकदा तरी पंप हाती घ्यावा. टायरचा पृष्ठभाग बारकाईने न्याहाळून रुतलेले काचेचे कण चिमट्याने काढून टाकावेत. पंक्चर करणारा कण पुष्कळदा त्याच दिवशी रुतलेला नसतो. तो कित्येक दिवस रबरात वाट काढीत असतो.

*ब्रेक.* डिचलिंगचा माथा गाठल्यानंतर ब्रायटनपर्यंत बराचसा उतार आहे. थकलेला स्वार, पुढे-मागे गर्दी आणि हाताशी आयता वेग, अशी ही वेळ असते. ८५ किलोग्रॅमांचा भार ताशी २५ किलोमीटर वेगाने जात असता त्याच्यापाशी सुमारे २,०५० जूल गतिज ऊर्जा असते. ताशी ५० किलोमीटर वेगात ती ८,२०० होते. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट, आणि तितक्याच जोराने ब्रेक लावल्यास थांबण्याचे अंतरही चौपट. ब्रेकची रबरे झिजून आतील धातू रिमला घासू लागलेला नाही ना, ती टायरला न लागता रिमवरच टेकतात ना, आणि केबलचा एकही धागा तुटलेला नाही ना, हे पाहावे. केबलचा एक धागा तुटलेला दिसला की ती ताबडतोब बदलावी. उरलेले धागे नेमके तेव्हा तुटतात, जेव्हा ब्रेक सर्वांत जोराने दाबलेला असतो. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर सरकतो, म्हणून थांबविण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. परंतु तो एकाएकी आवळल्यास स्वार हँडलावरून पुढे फेकला जाण्याचा संभव असतो. दोन्ही ब्रेक एकाच वेळी, हळूहळू वाढत्या दाबाने लावण्याचा सराव मोकळ्या रस्त्यावर करावा. पावसात रिम ओली असताना पहिल्या काही फेऱ्यांत रबर केवळ पाणी पुसत असते. त्या वेळी पकड उशिरा येते हे जाणून अंतर राखावे.

*सीट.* सीटची उंची ठरविण्याची जुनी रीत अद्याप उपयोगाची आहे. सीटवर सरळ बसून पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवावी. पाय त्या वेळी ताठ व्हावयास हवा. पुढे चालविताना चवडा पायडलावर येतो व गुडघ्यात आपोआप हवा तितका बाक राहतो. रस्त्यांवर पाहावे तर बहुतेकांच्या सीटा फार खाली असतात. थांबताना दोन्ही पाय जमिनीस टेकावेत हा हेतू. त्याची भरपाई गुडघे करतात. सीट फार उंच असल्यास कंबर डावीउजवीकडे हिंदकळते. बदल एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक करू नये आणि शेवटच्या पंधरवड्यात मुळीच करू नये.

हृदय आणि स्नायू

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७० वेळा आकुंचन पावते व प्रत्येक वेळी सुमारे ७० घन सेंटिमीटर रक्त पुढे ढकलते; म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर. जोराच्या श्रमात हे प्रमाण २० लिटरांपर्यंत जाते. नियमित व्यायामाने हृदयाच्या डाव्या कप्प्याची धारणशक्ती वाढते आणि एका आकुंचनात अधिक रक्त बाहेर पडू लागते. म्हणूनच तयारी केलेल्या माणसाची विश्रांतीतील नाडी मंदावते. दररोज सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी व वहीत लिहावी. काही आठवड्यांत आकडा उतरू लागलेला दिसेल. एखाद्या सकाळी तो नेहमीपेक्षा सात-आठने अधिक आढळला तर शरीर अजून थकलेले आहे किंवा ताप येऊ घातला आहे, असे समजून त्या दिवशी सायकल घरी ठेवावी.

मांड्यांच्या स्नायूंतही बदल घडतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि पेशींतील ज्या कणांत प्राणवायूच्या साहाय्याने इंधन जाळले जाते त्या मायटोकॉन्ड्रियांची संख्या वाढते. हे बदल श्रम चालू असताना होत नाहीत, ते विश्रांतीच्या काळात होतात. रोज दमेपर्यंत सायकल मारणारा उत्साही तरुण महिनाभराने पूर्वीपेक्षा मंदावलेला दिसतो, त्याचे कारण हेच.

सत्याऐंशी किलोमीटरांसाठी बारा आठवडे पुरेसे आहेत. आठवड्यातून तीन दिवस सायकल चालवावी. त्यांतील दोन फेऱ्या तासाभराच्या असाव्यात व तिसरी, सुट्टीच्या दिवसाची, लांब असावी. ही लांब फेरी पहिल्या आठवड्यात २५ किलोमीटरांची ठेवून पुढे ३० व ३५ करावी. चौथ्या आठवड्यात मुद्दाम २५ वर यावे. नंतर ४०, ४५, ५२. आठव्यात पुन्हा ३५. त्यानंतर ५८ आणि दहाव्या आठवड्यात ६५. अकराव्यात ४० वर उतरून बाराव्या आठवड्याच्या अखेरीस यात्रा. पूर्ण ८७ किलोमीटर आधी करून पाहण्याची गरज नसते. जो ६५ सुखाने जातो, तो वाटेत खातपीत ८७ जातोच. लहान फेऱ्यांपैकी एकीत जवळपासची एखादी चढण तीन-चार वेळा चढावी.

गती कोणती ठेवावी? सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशी. वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागला तर वेग अधिक आहे. ‘२२० उणे वय’ हे कमाल नाडीचे सूत्र सर्वत्र सांगितले जाते, पण माणसामाणसांत त्यात इतका फरक पडतो की बोलण्याची कसोटी तिच्या साधेपणासह अधिक भरवशाची ठरते. चाळिशी उलटलेल्यांनी, मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी आरंभीच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. आणि श्रमाबरोबर छातीत दाटून येणे, डाव्या हातात वा जबड्यात कळ जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर कोणत्याही वयाच्या स्वाराने जागीच थांबून मदत मागावी. देणगीदारांना दिलेला शब्द येथे आड येऊ देऊ नये.

काही यात्रा एका दिवसाच्या नसतात. २००२ पासून २०२५ पर्यंत कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजल्स अशी ५४५ मैलांची यात्रा एड्सग्रस्तांच्या साहाय्यार्थ सात दिवसांत होत असे. तेथे एका दिवसाच्या पल्ल्यापेक्षा दुसऱ्या सकाळी पुन्हा सीटवर बसणे कठीण. त्याची तयारी करणाऱ्याने शनिवार व रविवार अशा लागोपाठच्या फेऱ्या योजाव्यात.

इंधन आणि पाणी

स्नायू अन्नातील ऊर्जेपैकी सुमारे चौथा भागच कार्यात उतरवितात. बाकीची उष्णता होते. चढउतारांसह सरासरी ९० वॉट धरून साडेचार तासांच्या सुमाराचा हिशेब केला तर ८७ किलोमीटरांसाठी शरीर सुमारे १,४०० किलोकॅलरी ऊर्जा खर्च करते. यकृतात व स्नायूंत मिळून सुमारे ५०० ग्रॅम मधुजन, म्हणजे ग्लायकोजेन, साठविलेले असते व त्यापासून २,००० किलोकॅलरी मिळू शकतात. वर, चरबीचा साठा वेगळाच. मग वाटेत खावयाचे कशास, असा प्रश्न चिकित्सक विद्यार्थी विचारील. उत्तर असे की, दंडातील स्नायूंचे मधुजन मांडीच्या उपयोगी पडत नाही. स्नायू आपला साठा रक्तात परत सोडू शकत नाही. ती सोय फक्त यकृताला आहे, आणि यकृताचा साठा १०० ग्रॅमांच्या आसपासच असतो. मेंदू त्याच रक्तशर्करेवर चालतो. ती घसरली की पाय कापू लागतात, मन चिडचिडे होते, आणि साधे वळणही चुकते.

म्हणून पहिल्या तासापासूनच दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय वा शर्करायुक्त पदार्थ पोटात जावेत. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. इंग्लंडमधील स्वार केळी, ओटच्या वड्या व जॅमचे सँडविच खिशात बाळगतात. आपल्याकडे केळी, खजूर आणि गुळाची चिक्की हे काम तितकेच चांगले करतात. भूक लागण्याची वाट पाहू नये. यात्रेच्या दिवशी नवा पदार्थ प्रथमच खाण्याचा प्रयोग करू नये.

पाण्याची गरज प्रत्येकाची निराळी असते व ती घरीच मोजता येते. तासाभराच्या फेरीपूर्वी आणि नंतर, घाम पुसून, वजन करावे. वजन ६०० ग्रॅमांनी घटले असेल व वाटेत अर्धा लिटर पाणी प्यालेले असेल, तर १.१ लिटर पाणी शरीराबाहेर गेले. हा प्रयोग थंड व उष्ण अशा दोन्ही दिवशी करून आकडे ताडून पाहावेत. घामात मीठही जाते. लांब पल्ल्यात लिंबूपाण्यात चिमूटभर मीठ घालावे. नुसतेच पाणी भराभर पीत राहणेही घातक ठरू शकते, कारण रक्तातील सोडियमचे प्रमाण त्याने घसरते. स्वारी संपल्यावर वजन वाढलेले भरले तर पाणी गरजेपेक्षा अधिक झाले असे समजावे.

अखेरचा आठवडा

या आठवड्यात शरीर कमवता येत नाही, बिघडवता मात्र येते. दोन-तीन लहान, हलक्या फेऱ्या पुरेत. सायकलचे सर्व नट-बोल्ट एकदा हाताखालून घालावेत. पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहावे. ते हलता कामा नये. थैलीत एक जादा ट्यूब, पंक्चरची पट्टी व सोल्यूशन, टायर काढण्याचे दोन लिव्हर, लहान पंप आणि आपल्या सायकलीस लागणारे पाने ठेवावेत. हे सारे एक किलोग्रॅमच्या आत बसते. ट्यूब बदलता येत नसेल तर ती बाळगून उपयोग नाही. म्हणून घरी, अंगणात, मागचे चाक काढून ट्यूब बदलण्याचा सराव तीनदा करावा. पहिल्या वेळी अर्धा तास लागतो, तिसऱ्या वेळी दहा मिनिटे. पंक्चर झालेल्या टायरात नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवावे. काटा अद्याप तेथेच असतो.